सुभेदारांनी न घेतलेला फोन

सुभेदार परब फोन उचलायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. "हॅलो" नाही, "नमस्कार" नाही, हॉस्पिटलचं नावसुद्धा नाही. पलीकडचा माणूस दोनदा "हॅलो, हॅलो" करायचा, मग वैतागून आपलं नाव सांगायचा. ते ऐकल्यावर सुभेदार शांतपणे म्हणायचे, "बोला."

परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात टेलिफोन एक्स्चेंजवर मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सात सुभेदारांबरोबर. कॅज्युअल्टीच्या मागे जिना, जिन्याखाली आमची खोली. दोन खुर्च्या, एक बोर्ड, एक टेबलपंखा. सुभेदार सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या न बोलण्याबद्दल तक्रार गेली. मेट्रन खाली आल्या.

"अहो परब, निदान हॉस्पिटलचं नाव तरी सांगा."

"त्याने नंबर लावलाय, म्हणजे नाव त्याला ठाऊक आहे," सुभेदार म्हणाले. "तो कोण, हे मला ठाऊक नाही. मग आधी कोणी सांगायचं?"

मेट्रन माझ्याकडे बघून परत गेल्या. पुढे समेट झाला. हॉस्पिटलचं नाव मी सांगायचं आणि लाइन त्यांच्याकडे द्यायची.

ते उंच नव्हते. दाढी रोज, मिशी नाही, शर्टाची बाही उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत. खिशात पेन्सिल. पेन ते वापरत नसत. सियाचीनसारख्या थंडीत शाई गोठते, असं कारण सांगायचे. परळमध्ये शाई गोठत नाही हे मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "बाई, शाई कुठे गोठते न गोठते, ते सवय बघत नाही." त्यांच्या विनोदाला ते स्वतः हसत नसत. त्यामुळे तो विनोद होता की नाही हे आम्हाला उशिरा कळायचं.

मोबाइल होता, त्यांच्याच नावावर. पण तो ते घरी, बायकोपाशी ठेवून यायचे. "ड्यूटीवर एक फोन पुरे," म्हणायचे. घर लालबागला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. रोज एक वाजता उठून चालत जेवायला जायचे आणि दोनला पाच मिनिटं असताना परत यायचे. येताना हजेरीच्या मशिनवर अंगठा लावायचे, जातानाही. बाकी कोणी जेवायला जाताना अंगठा लावत नसे.

कोणीही काही बातमी आणली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "कुठून कळलं?"

"अहो सुभेदार, डॉक्टर मेहेंदळे नोकरी सोडतायत."

"कुठून कळलं?"

"सगळे म्हणतायत."

"सगळ्यांत पहिला कोण म्हणाला?"

इतक्यात सांगणाऱ्याचा उत्साह संपलेला असे. वॉर्डबॉय मंडळींनी त्यांचं नावच 'कुठूनकळलं' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. कुठून कळलं होतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

एका वर्षी त्यांच्या गल्लीतल्या मंडळाने प्रजासत्ताक दिनाला त्यांचं भाषण ठेवलं. मला त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. मी फणसवाडीहून बसने गेले. मांडवात शंभरेक माणसं, पुढे शाळेची मुलं. सगळ्यांना गोळीबाराच्या गोष्टी हव्या होत्या. सुभेदारांनी सुरुवात केली ती विजेच्या तारांपासून.

"आमच्या वेळेला लढाई तिकडे व्हायची आणि पत्र इकडे यायचं," ते म्हणाले. "आता तसं नाही. तिकडे तोफ लावतील, त्याच दिवशी इकडे तुमची वीज घालवतील, बँकेचं मशीन बंद पाडतील, इस्पितळाचा कॉम्प्युटर अडकवतील. आणि तुमच्या फोनवर एक खोटी बातमी सोडतील. सगळं एकाच टेबलावर ठरतं. तोफेला माणूस लागतो, खर्च लागतो. खोट्या बातमीला तुम्ही लागता. तुम्हीच ती पुढे पाठवता."

मागे कोणीतरी जांभई दिली. भाषण संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं, "काका, पण तुम्ही मारले किती?"

सुभेदार म्हणाले, "मी वायर जोडायचो."

टाळ्या वाजल्या, पण थोड्या. नारळ, शाल दिली. खाली उतरल्यावर त्यांच्या पत्नीने, शालनकाकींनी, मला कडेला घेतलं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, सतत कोणाला तरी खायला घालायच्या विचारात असलेल्या बाई. "बाई, ह्यांका सांगा जरा. मानसांका काय आवाडता ता बोलूक होया," त्या म्हणाल्या. "माजो नितीन इलो असतो तर कशे टाळ्ये पडले असते!"

नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही सैन्यात, तोफखान्यात. तो फोनवर आईशीच बोलायचा. बापाशी बोलणं म्हणजे "ठीक?" "ठीक." तरी तेवढ्यासाठी सुभेदार रविवारी घराबाहेर पडत नसत.

मग ते दिवस आले. सीमेवर चकमकी सुरू झाल्या. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि सायरन. मुंबईत तसं काही घडत नव्हतं. गाड्या चालू, दुकानं चालू. फक्त सगळ्यांचे हात फोनवर.

पहिली आली ती पाण्याची बातमी. सकाळी दहाच्या सुमाराला एकाच वेळी सगळ्यांच्या फोनवर एक आवाज आला. कोणी बाई रडत सांगत होती की शहराच्या तलावात विष टाकलंय, तिची मुलगी गेली, नळाचं पाणी पिऊ नका. अर्ध्या तासात आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर बायका मुलांना घेऊन जिन्यात आल्या. मुलांच्या वॉर्डात एकाला उलटी झाली, ती बघून आणखी चौघांना. नर्सेस घाबरल्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ कोणी जाईना.

सुभेदारांनी पालिकेच्या पाणी खात्याला लँडलाइनवरून फोन लावला. लागेना. लावत राहिले. चाळिसाव्या मिनिटाला एक इंजिनिअर मिळाला. त्याचं नाव, हुद्दा, त्याने सकाळी कुठल्या टाकीचा नमुना तपासला, किती वाजता, सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि कागद घेऊन वर गेले. मीही गेले.

मेट्रन म्हणाल्या, "कागद कोण वाचणार? तुम्ही सगळ्यांसमोर एक ग्लास पाणी पिऊन दाखवा."

"मी प्यायलो तर मला काय झालं एवढंच कळेल," सुभेदार म्हणाले. "आणि उद्या कोणीतरी पाणी पिऊन कोसळणारा माणूस उभा करील. नाटक त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं."

ते प्रत्येक खाटेपाशी गेले. नाव सांगितलं, इंजिनिअरचं नाव सांगितलं, वेळ सांगितली. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. एका बाईने त्यांना तोंडावर विचारलं, "तुम्हाला किती दिले?" ते पुढच्या खाटेकडे वळले. सगळं थंडावायला संध्याकाळ झाली. तोवर डायलिसिससाठी आलेले एक आजोबा, त्यांना घेऊन त्यांची माणसं उठून गेली होती. ते परत आले नाहीत. त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बंद पडले. सगळे. पडद्यावर लाल चौकट आणि परक्या भाषेतल्या चार ओळी. लॅबचे रिपोर्ट नाहीत, रक्तगट नाहीत, कोण कुठल्या खाटेवर ते नाही. हजेरीचं मशीनसुद्धा मेलं. फक्त आमचा बोर्ड चालू होता, कारण तो इतका जुना होता की त्याला कशाशी जोडलेलंच नव्हतं.

त्या दिवशी सुभेदारांना मी पहिल्यांदा सैनिक म्हणून पाहिलं. आवाज चढला नाही, उलट उतरला. प्रत्येक रिपोर्ट फोनवरून, प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा, असा हुकूम त्यांनी लॅबला आणि वॉर्डांना दिला. आणि आकडे इंग्रजीत. एक तरुण डॉक्टर चिडला.

"सुभेदार, इथे पेशंट मरतोय आणि तुम्ही मला आकडे शिकवताय?"

"तुम्हाला लॅबने हिमोग्लोबिन किती सांगितलं?"

"दहा."

"लॅब, परत सांगा. इंग्रजीत."

लाइनवर लॅबवाली होती. ती म्हणाली, "सिक्स. सहा."

डॉक्टरने आपल्या कागदावरचा आकडा खोडला. मग म्हणाला, "रक्त पाठवा. लवकर." आणि फोन ठेवला. ती बाळंतीण वाचली. तिला हे कोणी सांगितलं नसणार.

एक वाजला तरी सुभेदार उठले नाहीत. त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत. मी माझा डबा उघडून अर्धी पोळी आणि दुधी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी डाव्या हाताने खाल्ला, उजव्या हातात पेन्सिल होती.

दीड वाजून गेल्यावर बाहेरच्या लाइनवर शालनकाकी आल्या. आवाज ओळखू येईना.

"बाई, ह्यांका देतास काय? बाई, नितीनाक लागला म्हणतत."

"कोण म्हणतं, काकी?"

"त्येंच्या हाफिसातसून फोन इलो. सायेब होतो. म्हणालो, गोळी लागली, हेलिकॉप्टर पाठवतंव, पन कागद जळले, खय होतो ता गावना नाय. मागच्या टायमाक बोललो तेवा खय आसंय म्हणालो ता सांगा. मी सांगलंय."

मी लाइन बाजूच्या खुर्चीकडे दिली. मला हेडफोन काढून ठेवायला हवा होता. मी काढला नाही.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारलं. किती वाजता आला. नंबर कुठला. आवाज कसा, हिंदी कसं. तिने जागेचं नाव काय सांगितलं. ते नाव तिने उच्चारलं तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली. कागदावर टेकलेली राहिली, तिथे एक काळा ठिपका झाला.

"शालन," ते म्हणाले, "आता मी काय सांगतंय ता आयक. तो सायब खोटो. नितीनाक कायएक लागला नाय."

पलीकडे रडणं.

"आनी तू सांगलंस ता नाव पन खोटा. तो थंय नायच होतो. पोरगो घरच्यांका कधी खरी जागा सांगता? आमी पन नाय सांगायचंव. तुका बरा वाटाचा म्हणान कायतरी नाव घेतल्यान. कळला? काय एक वायट झाला नाय."

"खरा?"

"खरा. पन ह्या कोणाक सांगू नको. नितीनाक पन नाय. चौकशी होतली, उगाच त्येका तरास."

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होते, ते बोर्डाकडे. मग त्यांनी सैन्याचा एक नंबर फिरवला, जो त्यांना पाठ होता. दोन-तीन ठिकाणी फिरून लाइन लागली. हिंदीत त्यांनी आपला सेवा क्रमांक सांगितला, मुलाचा सांगितला, आलेल्या फोनचा नंबर सांगितला. पलीकडून उत्तर आलं की युनिटकडून असा कुठलाही फोन गेलेला नाही, आणि मुलगा सकाळपर्यंत सुखरूप आहे. मग पलीकडच्याने विचारलं, "कॉल रिसीव्ह किसने किया?"

"मैंने," सुभेदार म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"जगह का नाम किसने बताया?"

"मैंने बताया, साहब. खाना खाने घर गया था. एक से दो के बीच. बेटे का नाम सुना, और बता दिया."

मग तो अधिकारी म्हणाला, "आप सिग्नल्स के आदमी होकर?"

"जी साहब."

फोन ठेवून त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "बाई," ते म्हणाले, "आज मी एक वाजता जेवायला गेलो होतो."

त्यांच्या टेबलावर माझ्या डब्याचं झाकण होतं, त्यात दुधीचा एक तुकडा उरलेला.

मी म्हटलं, "हो."

लगेच लॅबचा दिवा लागला. त्यांनी फोन उचलला आणि वाट बघितली.

दोन दिवसांनी त्या भागात तोफगोळे पडले. नितीन होता त्या ठिकाणीही पडले. त्याच्या खांद्याला लागलं, फार नाही. त्याच्याबरोबर एकाच खंदकात असलेला कुलदीप नावाचा मुलगा जागच्या जागी गेला. नितीनच्या बोलण्यात हे नाव आधीपासून असायचं. कुलदीप शालनकाकींना फोनवर 'माताजी' म्हणायचा आणि त्यांनी पाठवलेले कुळथाचे लाडू त्याने एकट्याने संपवले होते.

त्या फोनमुळे गोळे पडले का? हे मला माहीत नाही. कोणालाच नाही. सुभेदारांना चौकशीसाठी कुलाब्याला सैन्याच्या ऑफिसात बोलावलं होतं, तिथून आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की त्या दिवशी संपूर्ण पट्ट्यावर मारा झाला होता, आजूबाजूच्या कितीतरी ठिकाणी. "साहेब म्हणाले, संबंध असेलच असं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "नसेलच असंही ते म्हणाले नाहीत." कोणाच्या तरी टेबलावर त्याचं उत्तर असेल, आपल्याकडे येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हवामानाबद्दल सांगावं तसं.

चौकशीत त्यांचं वय आणि त्यांनी स्वतः होऊन खबर दिली हे बघून ताकीद देऊन सोडलं. पण गोष्ट बाहेर फुटली. कशी, ते कळलं नाही. आठवड्याभरात त्यांचा फोटो फिरू लागला, मंडळाने दिलेल्या शालीसकट. खाली लिहिलेलं, ह्याने जवानांची जागा शत्रूला विकली. काही ठिकाणी तर त्यांचं नावही बदललं होतं, हव्या त्या जातीचं, हव्या त्या धर्माचं करून. मलाही तो आला, माझ्या मावसबहिणीकडून. मी तिला विचारलं, "कुठून कळलं?" ती म्हणाली, "अगं, सगळीकडे आहे."

मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन गेले. यंदा आपण ध्वजारोहणाला दुसरं कोणीतरी बघू, म्हणाले. सुभेदार म्हणाले, बघा. हॉस्पिटलने त्यांना एक्स्चेंजवरून काढून तळघरात रेकॉर्डरूमला बसवलं. तिथे फोन नव्हता. त्या दिवशी चिडलेला तो तरुण डॉक्टर एकदा मुद्दाम खाली जाऊन त्यांना भेटून आला. वर येऊन मला म्हणाला, "ते काहीच बोलत नाहीत हो." मी म्हटलं, ते आधीपासून कमीच बोलतात.

मी रोज दुपारी खाली जायचे. ते जुन्या फाइली वर्षाप्रमाणे लावत असायचे. मी एखादी बातमी सांगितली तर ऐकून घ्यायचे आणि "असं का" म्हणायचे. कुठून कळलं, हे त्यांनी पुन्हा मला विचारलं नाही.

एकदा मी न राहवून म्हटलं, "सुभेदार, खरं सांगून टाका. त्यांना माहितेय, म्हातारी बाई, आई, घाबरली. तिला कोणी काही करणार नाही."

"करणार नाही," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी हातातली फाइल कपाटात सरकवली. "मग ती रोज सकाळी उठेल आणि चहा ठेवेल, बाई. आणि कुलदीपची आई तिला आठवेल. मला आठवते ती पुरे आहे."

मी वर आले. पुढे त्याबद्दल आमचं बोलणं झालं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. त्या काळात मला काही वाटत नसे. घरी जायचे, भात लावायचे, टीव्ही न लावता जेवायचे. बधिर केलेल्या दातासारखं होतं सगळं. जीभ लावली तर आहे एवढं कळायचं.

नितीन रजेवर आला तेव्हा त्याला युनिटमधून कळलेलं होतं. घरी आल्या दिवशी त्याने बापाला विचारलं, "तुम्हीच सांगितलंत?" सुभेदार म्हणाले, "होय." त्यानंतर नितीन त्यांच्याशी बोलला नाही. त्या रजेत नाही, पुढच्या रजेत नाही. हे मला शालनकाकींनी सांगितलं, लालबागला भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर भाजी घेताना. "बापलेकांचा काय बिनासला, माका सांगनत नाय," त्या म्हणाल्या. "तो कुलदीप गेलो तेवापासून पोरगो असो झालो हा. ह्ये पन गप. मी मदीच." त्यांनी वांगी दाबून बघितली, दोन परत ठेवली. "बाई, बरा झाला नितीनान माका तेवा खरी जागा सांगाक नाय ती. नायतर माज्या तोंडातसून गेली असती."

मी म्हटलं, "हो ना."

सुभेदारांनी मुदत संपण्याआधीच नोकरी सोडली आणि दोघं कायमची गावी, सावंतवाडीच्या बाजूला जायला निघाली. सकाळच्या एसटीने, परळ डेपोतून. मी पोचवायला गेले. नितीन तेव्हा रजेवर होता, तोही सामान घेऊन आला होता. चार गोणी, एक ट्रंक, शिलाई मशीन. काकी सामानावर बसल्या होत्या. सुभेदार आरक्षणाच्या खिडकीशी गाडी कुठे लागणार ते विचारायला गेले.

नितीन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. डावा खांदा जरा वर धरतो तो आता.

"काकू, त्या दिवशी तुम्ही बाबांबरोबर ड्यूटीवर होतात ना?"

"होते."

"मी खूप विचार केला," तो हळू म्हणाला. "फोन बाबांच्या नावावर आहे, पण तो नेहमी आईकडे असतो. आणि बाबा... त्यांनी मला कधी स्वतःचं नावसुद्धा फोनवर सांगितलं नाही. ते असं सांगतील?" तो थांबला. काकी तिकडून आमच्याकडे बघून हसत होत्या. "मला फक्त एवढं सांगा. त्या दिवशी दुपारी बाबा जेवायला घरी गेले होते का?"

मी हो म्हटलं तर त्याचा बाप जायचा. नाही म्हटलं तर आई. तो माझ्याकडे बघत होता आणि मला वाटतं त्याला उत्तर ठाऊक होतं. त्याला फक्त कोणीतरी दुसऱ्याने ते म्हणायला हवं होतं.

सुभेदार खिडकीपासून वळले होते. आम्हाला एकत्र बघून ते तिथेच थांबले. पुढे आले नाहीत, खूणही केली नाही. हातात तिकिटं धरून उभे राहिले.

"गेले होते," मी म्हटलं. "एक वाजता. रोजच्यासारखे."

माझा आवाज बदलला नाही. इतक्या वर्षांत बोर्डावरून किती जणांना काय काय सांगितलं, आवाज बदलत नाही.

नितीनने मान हलवली. "बरं," म्हणाला. मग जाऊन त्याने ट्रंक उचलली, चांगल्या खांद्यावर घेतली आणि गाडीकडे नेली. सुभेदार एक गोणी घेऊन त्याच्या मागून गेले. तिथे डिकीत सामान लावताना दोघांचे हात एकाच दोरीला लागले. नितीनने दोरी सोडली नाही, सुभेदारांनीही नाही. दोघांनी मिळून गाठ मारली.

गाडी सुटायच्या वेळी नितीनने आईला वाकून नमस्कार केला. मग बापासमोर उभा राहिला. क्षणभर मला वाटलं, तोही वाकेल. त्याने हात मागे बांधले, पाय जुळवले आणि बाजूला झाला. सुभेदार पायरी चढून आत गेले.

काकींना खिडकीची जागा मिळाली होती. त्यांनी हात बाहेर काढून माझा हात धरला, मे महिन्यात या, आंबे असतील, म्हणाल्या. कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे येऊन वळायला लागली तेव्हा त्यांचा हात अजून बाहेरच होता, मुलाकडे हलत. शेजारून दुसरी गाडी आत शिरत होती. सुभेदारांनी आतून त्यांचं मनगट धरलं, हात आत घेतला आणि काच लावली.